शाळेचं वानर

२९ मार्च, शनिवार. सकाळची शाळा. हजर: मी, आमचे सर, चौदा मुलं. गैरहजर: नऊ मुलं, सगळी मोहफुलं वेचायला. शाळेमागच्या मोहांखाली गावातल्या बाया. नेमक्या किती, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. वीज रात्रीपासून नाही. स्पीकर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये.

स्पीकर कुठे होता हे एरवी मी कधी लिहिलं नसतं. त्या दिवशी तेवढीच एक गोष्ट मला खात्रीने माहीत होती.

मी गोंडपिपरीत राहते. तिथून स्कूटरने आत यायचं, शेवटचा टप्पा सागवानातून. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, दोन खोल्या, दोन शिक्षक. मुख्याध्यापक मी, कारण दोघांत वयाने मोठी मी. सर तिशीतले, घुग्घुसचे. कोळशाच्या ट्रकांमागून सायकल चालवत मोठे झाले, त्यामुळे जंगलाचं त्यांना पहिल्या दिवसापासून अप्रूप. मला नाही. माझं माहेर मुलचेऱ्याकडचं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला जंगल म्हणजे कामांच्या यादीतली एक ओळ असते. सरपण आणायचं, गाय परत आली का ते पाहायचं, अंधार पडायच्या आत घरात यायचं.

शाळेच्या मागे पडीक जमीन आहे, मग मोहाची झाडं, मग नाला, आणि नाल्यापलीकडे राखीव जंगल. मार्च लागला की हजेरी गळते. आई अंधारातच पोराला उठवते आणि दोघं टोपली घेऊन निघतात. ऊन चढायच्या आत फुलं वेचावी लागतात, नाहीतर ढोरं आणि चितळं खाऊन टाकतात. दरवर्षी मी घरोघर जाऊन सांगायची, पोरांना पाठवा. दरवर्षी उत्तर ठरलेलं.

"फुलं शाळेत पडते का, बाई?"

मागच्या दिवाळीनंतर शाळेला चार टॅब मिळाले आणि आम्हा दोघांना प्रशिक्षण. प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली. टॅब म्हणजे उजेड पडणारा फळा नव्हे. तो मुलांच्या हातात द्या, प्रश्न त्यांना ठरवू द्या, तुम्ही मागे उभं राहा. मला मागे उभं राहणं जमत नाही. सरांना जमतं. म्हणून मी चार्जिंग, गट, वेळापत्रक आणि कुलूप सांभाळायचं आणि सरांनी मागे उभं राहायचं, असं आम्ही वाटून घेतलं.

मार्चच्या सुरुवातीला सरांनी मुलांना विचारलं, तुम्हाला कशाचा शोध घ्यायचा आहे? बकरीला दाढी का असते, इथपासून सुरुवात झाली. मग पाचवीतली एक मुलगी उठली. बारीक, धारदार आवाजाची. वडील मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, घरी ती आणि आई दोघीच.

"वांदर काऊन खेकसते, हे पाहू," ती म्हणाली.

सगळी हसली. पण पुढच्याच मिनिटाला सगळ्यांना तेच हवं होतं.

याला कारण आहे. मोह वेचताना माणूस वाकलेला असतो. डोळे जमिनीवर, दोन्ही हात जमिनीवर. जंगलाकडे लक्ष ठेवायचं काम कानांकडे. फांदीवरचं काळतोंडं वानर त्याला सगळ्यांत आधी पाहतं आणि खोक, खोक असं खेकसायला लागतं. ते ऐकलं की बाया हातातलं फूल टाकून देतात, टोपलं उचलतात आणि शाळेच्या दिशेने निघतात. विचारायचं नाही, वळून पाहायचं नाही. 'त्याला' म्हणजे कुणाला, हे मोहाखाली कुणी बोलत नाही. घरी वाघ म्हणतात, शाळेत वाघ म्हणतात. मोहाखाली नाही.

काम फार चांगलं चाललं, हे मला लिहिलंच पाहिजे. मुलं सकाळी लवकर येऊन व्हरांड्यातून आवाज टिपायला लागली. टिटवी, कोतवाल, मोर, चितळ, वानर. टॅबवर आवाजाची रेघ दिसते. भांडणाऱ्या वानराची रेघ गचपणासारखी, इशाऱ्याची रेघ सुटे काटे रोवल्यासारखी. तिसरीतल्या ज्या मुलाला वजाबाकी येत नव्हती, तो दोन काट्यांमधलं अंतर काढायला स्वतःहून वजाबाकी करायला लागला. मोह सोडून काही मुलं शाळेत यायला लागली. त्यात एक आवाज त्या पाचवीतल्या मुलीने टिपलेला होता. शाळेच्या चिंचेवर बसलेलं नर वानर, अगदी जवळून, स्वच्छ, लांबलचक. त्याच दिवशी नाल्यापलीकडे कुणाचं तरी वासरू वाघाने मारलेलं सापडलं होतं, म्हणजे इशारा खरा होता. आमच्या सगळ्या संग्रहात सर्वांत चांगला आवाज तोच.

टॅबचा आवाज लहान पडायचा. मागच्या मुलांना ऐकू येईना. म्हणून सरांनी परिपाठाचा स्पीकर व्हरांड्यात मांडला आणि खेळ सुरू केला. आवाज लावायचा, मुलांनी ओळखायचं, साधा, भांडण की धोका. धोका असेल तर हात वर करून "धोका!" म्हणायचं.

स्पीकरचं तोंड मुलांकडे होतं. मुलांच्या मागे पडीक, आणि पडीकाच्या मागे मोह.

पहिल्या दिवशी बाया धावतच आल्या. अर्धी टोपली सांडलेली, श्वास लागलेला.

"काय झालं बाप्पा, कुठी हाय?"

मुलांनी स्पीकरकडे बोट दाखवलं.

"हा डब्बा वरडला?"

"हो, अभ्यास हाय आमचा."

"अभ्यास! इथी जीव गेला न् आमचा!"

दुसरी मला म्हणाली, "मॅडम, माहं अर्धं टोपलं तिथी सांडलं. आता तुमच्या वांदरालेच लावा वेचाले."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि त्यांना नीट समजावून सांगितलं. खेळ सकाळच्या दुसऱ्या तासाला असतो, तेव्हा असा आवाज आला तर घाबरू नका. पुढच्या वेळी दोघी-तिघीच आल्या. त्यानंतर कुणी आलं नाही. संध्याकाळी मी रोजची कामं टिपून ठेवते, त्यात मी लिहिलं: बायांना कळवले, अडचण मिटली.

खेळ रंगत गेला, तसा तो दुसऱ्या तासापुरता राहिला नाही. मुलं परिपाठाआधी लावायची, मधल्या सुट्टीत लावायची. पाहुणे आले की हमखास. गावात त्याला नाव पडलं, शाळेचं वांदर. आवाज आला की मोहाखालून एखादी ओरडायची, "लागली शाळा!"

एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती, पण तिचं काय करावं ते कळलं नव्हतं. पहिले काही दिवस आमचा आवाज लागला की चिंचेवरची वानरं उसळून शेंड्यावर जायची आणि प्रत्युत्तर द्यायची. मग नुसती मान वर करायची. मग तेही नाही. एके सकाळी स्पीकर खोकत होता आणि वानराची एक मादी चिंचेखालीच पिलाच्या उवा पाहत शांत बसली होती. त्यानंतर ती टोळी चिंच सोडून गेली. सर म्हणाले, पाला संपला असेल.

आता तो शनिवार.

परिपाठ झाला. वीज नव्हती, स्पीकर चार्ज नव्हता, म्हणून मी तो आदल्या दिवशीचाच कपाटात राहू दिला. खोलीत उकडत होतं. मुलांना व्हरांड्यात चार गटांत बसवलं. त्या दिवशी काम आवाजाचं नव्हतंच. टॅबवर गावाचा नकाशा उघडून आपापल्या घराचं अंगण किती मोठं ते काढायचं होतं. मोहाखालून बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कुणाच्या तरी जावयावरून चाललं होतं.

खोक.

दुसरीतल्या एका मुलीने सवयीने हात वर केला. "धोका!"

"बरोबर," सर टॅबवरून नजर न काढता म्हणाले. "हात खाली."

खोक, खोक.

पाचवीतली ती उभी राहिली. "सर, कोनं लावलं?"

"कुणी लावलं रे?"

चारही गटांनी टॅब उचलून दाखवले. चारही पडद्यांवर अंगणं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "स्पीकर कपाटात आहे."

"हे आपलं नाई," ती म्हणाली. "आपल्या वांदराले दम लागत नाई. हे थांबू थांबू खेकसून राह्यलं."

मोहाखाली जावयाचं बोलणं चालूच होतं. कुणीतरी मोठ्याने हसलं. एकही बाई हलली नव्हती.

मी पडीकाच्या कडेपर्यंत गेले आणि ओरडले, "बाया हो, वर या! खरं आहे! शाळेचं नाही!"

झाडांमधून उत्तर आलं, "आयकलं, आयकलं! आमचा अभ्यास झाला, मॅडम! पोट्ट्याईचा घ्या!"

पुन्हा हशा.

मी मागे फिरले. कोणत्याही अडचणीत माझ्या हातात काय काय आहे, ते मी आधी मोजते. घंटा होती, घंटा वाजली तर मधली सुट्टी समजतील. शिट्टी होती, तिला कवायत समजतील. फोन होता, पण वीज गेली की इथली रेंजही जाते. ओरडून पाहिलं होतं. शाळेतून निघणारा प्रत्येक आवाज शाळेचा होता. आणि मुलांना सोडून मी तिकडे जाऊ शकत नव्हते.

लहान मुलांना खोलीत घाला, असं मी सरांना सांगत होते. तेवढ्यात ती व्हरांड्याच्या कट्ट्यावर चढली आणि तिने हाक मारली.

"माय!"

तिच्या मागून तिसरीतल्या मुलाने मारली. मग सगळ्यांनी. कुणी माय, कुणी आई, ज्याची आई मोहाखाली नव्हती त्यानेही. दुसरीतली ती मुलगी खरंच रडायला लागली.

बाया आल्या. पदर खोचलेल्या, मागे वेचायला गेलेली पोरं, एकीच्या हातात काठी, कारण पोरांना कोण मारतंय ते पाहायला ती आली होती. व्हरांड्यात पोचल्यावरच त्यांना माझा चेहरा दिसला आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

"आज बिजली कुठी हाय?" काठीवाली हळूच म्हणाली. पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

सगळ्या एकमेकींकडे पाहून कोण आली ते जुळवायला लागल्या. मला त्याची गरज नव्हती. कट्ट्यावरची पोरगी अजून ओरडत होती.

तिच्या आईचा मोह नाल्याच्या काठी आहे, सगळ्यांत लांब. इकडे झाडं घराघराची ठरलेली असतात; जंगल सरकारचं असलं तरी त्या झाडाखाली दुसरं कुणी वाकत नाही. तो मोह त्यांच्या घरचा, तिच्या आज्याच्या वेळेपासूनचा. तिथे ती एकटी असायची.

पोरगी आता 'ये' म्हणत नव्हती. "उभी राह्य! माय, उभी राह्य!" असं ओरडत होती. इथल्या पोरांना हे माहीत असतं. वाकलेलं माणूस त्याला चार पायांचं दिसतं. उभ्या माणसाचा तो एकदा तरी विचार करतो.

आणि मग वानर थांबलं.

आवाज चालू आहे तोवर वानराला तो दिसतो आहे. आवाज थांबला म्हणजे तो दिसेनासा झाला, किंवा बसला. आम्ही मुलांना हे वर्गात शिकवलं होतं. खरं तर त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, आम्ही फक्त तक्ता केला होता. व्हरांड्यातली सगळी मुलं एकदम गप्प झाली. त्यांच्या गप्प होण्याने बाया जास्त घाबरल्या.

सरांनी मोटरसायकल काढली. नाल्याकडे पांदण जाते, बैलगाडीपुरती. त्यांनी हॉर्नवर अंगठा दाबला आणि तो न काढता निघाले. काठीवाली म्हणाली, "सर, एकटे नका जाऊ." पण ते गेले होते. घुग्घुसच्या माणसाला हॉर्नवर फार भरवसा.

हॉर्न लांब लांब जात राहिला. झाडांत शिरल्यावर तो कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. मग बंद झाला.

मी पोरीच्या दंडाला धरून उभी होते. ती मला म्हणाली, "बाई, सोडा, मी जात नाई," आणि मी सोडलं नाही. एक बाई देवाचं नाव घ्यायला लागली. दुसरीने तिला गप्प केलं, ऐकू दे म्हणून. ऐकायला काहीच नव्हतं. टिटवीसुद्धा नाही.

हॉर्न पुन्हा सुरू झाला, आणि आता तो जवळ येत होता.

आई मागच्या सीटवर होती. एक हात सरांच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने टोपलं मांडीवर दाबलेलं, आणि तोंड सुरू.

"काय गा हे! फुलं सोडून चाल म्हनते! हॉर्न वाजवू वाजवू कान फुटले माहे!" ती उतरता उतरता मला म्हणाली, "तुमचे सर पागल झाले का, बाई?"

पोरगी जाऊन तिच्या कमरेला बिलगली. तेव्हा ती जरा थांबली आणि आमच्या तोंडांकडे पाहायला लागली.

मी विचारलं, "वानर ऐकलं नाही का?"

"आयकलं न्. शाळेचं."

"पोरगी ओरडत होती ते?"

"थे बी आयकलं. 'उभी राह्य, उभी राह्य' करून राह्यली होती. मले वाटलं, नाटक बसवून राह्यले. एक डाव उभी राहून पाह्यलं मी, कोन्या पोट्टीचा आवाज हाय म्हून. हसली. मंग पुन्हा बसली."

हे तिने सहज सांगितलं. मग तिने पोरीचं डोकं पोटाशी धरलं आणि टोपलं खाली ठेवलं. नंतर ते तिथेच राहिलं, दिवसभर.

वनरक्षकाला मी तलावाच्या पाळीवर, लांबच्या टॉवरची रेंज मिळते तिथे जाऊन फोन केला. तो दुपारी आला. माणूस हसरा, एरवी आला की मुलांना, "वाघ पाह्याचा असल तर मलेच पाहा, दुसरा दिसत नाई," असं म्हणतो. त्या दिवशी मुलांशी बोलला नाही. सर, मी, काठीवाली आणि ती आई, आम्ही त्याच्यासोबत नाल्यावर गेलो. मोहाखालची जमीन वेचणीसाठी झाडून, पाला जाळून साफ केलेली असते. राखेत तिच्या चपलांचे ठसे होते, चितळाचे खूर होते. दुसरं काही नव्हतं. मला बरं वाटलं. मी परत फिरायचं म्हणत होते.

तो मोहाला वळसा घालून बोराटीच्या झुडपामागे गेला आणि तिथेच थांबला. मागे गवत दबलेलं होतं, गोधडी पसरल्यासारखं. त्याने हात लावून पाहिलं. मग तो त्या दबलेल्या गवतात उकिडवा बसला आणि समोर पाहायला लागला. त्याने मला बोलावलं. त्याच्या शेजारी वाकून मी पाहिलं. समोर मोहाचं खोड, त्याखालची साफ जमीन. त्याच्या थोडं वर, फांद्यांच्या फटीतून, आमचा व्हरांडा. कट्टा, पाण्याची टाकी, भिंतीवर मुलांनी काढलेलं फुलपाखरू.

"इथून शाळा दिसते, मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "पोट्टे बी दिसत असन."

मग गवत चिमटीत धरून म्हणाला, "हे आजचंच बसनं नाई. खालचं गवत सुकून पिवळं पडलं. लय दिवसापासून येऊन राह्यला हा."

म्हणजे आम्ही खेळ लावत होतो, मुलं हात वर करत होती, पाहुणे टाळ्या वाजवत होते, तेव्हाही तो इथे येऊन बसत होता. कोणत्या दिवशी आणि किती वेळा, ते कळायला मार्ग नव्हता. आई झुडपापर्यंत आलीच नाही. ती आपल्या मोहाला पाठ टेकून उभी होती.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढ्या उभारून झाल्यावर गाव समाजमंदिरासमोर बसलं. मी ठराव लिहिले. स्पीकर परिपाठालाही लावायचा नाही. टॅबवरचे इशाऱ्याचे आवाज पुसायचे. बायांनी एकटीने मोहावर जायचं नाही. वनरक्षक म्हणाला, काही दिवस कुणीच जाऊ नका. त्यावर काठीवालीने मला दरवर्षी मिळायचं तसलंच उत्तर त्याला दिलं, "मंग फुलाईले सांगा, पडू नका म्हून." कुणी हसलं नाही.

आवाज मुलांनीच पुसले, माझ्यासमोर. आपला लांबलचक आवाज पुसताना त्या पोरीने एकदा तो कानाशी धरून ऐकला. मग पुसला.

मला वाटलं, काम संपलं. सरांनी मात्र स्वतःचा फोन उघडून माझ्यापुढे धरला. त्यांनी तो आवाज घरच्या अभ्यासासाठी पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. मुलांनी आईसोबत ऐकावा म्हणून. तिथून तो कुठे कुठे गेला, ते पुढच्या दोन-तीन दिवसांत कळत गेलं. पोरांच्या काकांनी, मामांनी तो रिंगटोन लावला होता. गंमत म्हणून. शेजारच्या गावातही गेला होता. तिथल्या एकाने तर तो पहाटेच्या गजराला लावलेला. पहाटे, मोहाच्या वेळेला.

मुलांनी पुन्हा गट केले. या वेळी सर मागे उभे राहिले नाहीत, मीही नाही. मुलं घरोघर जाऊन प्रत्येक फोन उघडून पाहायला लागली. पोट्टे आत्याचा फोन तपासतायत, आजोबा खिशावर हात ठेवून "माहा साधा फोन हाय बे, याच्यात वांदर नाई मावत," म्हणतायत. एका नव्या सुनेने फोन द्यायला नकार दिला, मग स्वतः उघडून पुसून दाखवला. शेजारच्या गावात मी आणि सर स्कूटरने गेलो. एक एक घर झालं की मी यादीत त्यापुढे खूण करत गेले.

त्यानंतरही मोहातून तो आवाज येतो. रोज नाही. तुकडाच असतो, दोन-चार खोक आणि बंद, फोन उचलल्यासारखा. कधी पडीकाच्या बाजूने, कधी नाल्याकडून. तेवढ्याशा तुकड्यात दम लागलेला की न लागलेला ते ओळखता येत नाही. पाचवीतलीलाही नाही, मी तिला विचारलं. बाया एकमेकींना विचारतात, "तुहा का गं?" प्रत्येकीचं उत्तर, माहा नाई. काही जणी टोपलं उचलून येतात. काही म्हणतात, आसन कोनाचा तरी, आणि वेचत राहतात.

तिची आई पुन्हा नाल्याकाठच्या मोहावर जाते. फुलं गेली तर पावसाळ्यापर्यंत घरात दुसरं काही येणार नाही, हे तिने मला सांगितलं. ती म्हणाली, "कानावर आता भरवसा नाई, बाई. म्हून डोळे घेऊन जातो सोबत." डोळे म्हणजे पोरगी. आई वाकून वेचते आणि पोरगी तिच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून उभी राहते, सकाळभर. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर लागते. मी बोलावायला गेले तेव्हा ती वळली नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, "थो फोन सापडला का, बाई? सापडला का येतो."

आज दोन्ही गावांतली सगळी घरं झाली. नाल्यापलीकडून गुरं घेऊन येणारे राहिले, तेंदूपानांच्या कामाला नुकतेच आलेले मजूर राहिले, आणि कुणाकडे दुसरा फोन असेल तर तो राहिला. उद्या सर आणि मी तिकडे जाणार. तो फोन अजून सापडलेला नाही. तो फोनच आहे की नाही, हेही कळलेलं नाही.